प्रयोगशाळेत ब्लड कॅन्सर ‘मरतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या काकूंनी रात्री साडेदहाला मला एक बातमी पाठवली. मथळा होता, ‘ल्युकेमियाच्या पेशी नष्ट करण्यात शास्त्रज्ञांना यश’. खाली त्यांनी लिहिलं होतं, “तू लॅबमध्ये होतीस ना? आपल्या डॉक्टरांना हे औषध माहीत नसेल का गं?” त्यांच्या २४ वर्षांच्या मुलाला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सरचा एक प्रकार, झालाय. केमोची पहिली फेरी संपली होती, आणि रक्तातल्या पेशींचा काउंट वर येईपर्यंत पाहुण्यारावळ्यांची ये-जा बंद करून काकू त्याला घरात जपत होत्या.

बातमी मी दोनदा वाचली. पाचव्या परिच्छेदात एका ओळीत लिहिलं होतं की प्रयोग ‘सेल लाइन्स’वर झाला. सगळ्या बातमीची किल्ली त्या एका शब्दात होती, आणि तो शब्दच कुणी उलगडून सांगितला नव्हता. मी काही वर्षं अशा पेशी वाढवायचं काम केलंय. काकूंना दुसऱ्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते, कारण अशा बातम्यांवर जीव टांगून बसलेली घरं पुष्कळ आहेत.

आधी आजार समजून घेऊ

हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो असतो. रक्तातल्या सगळ्या पेशी तिथे जन्मतात. ती एक शाळा आहे असं समजा. पेशी पहिलीत दाखल होते, एकेक इयत्ता चढते आणि दहावी झाली की रक्तात कामाला लागते. कुणी तांबडी पेशी होऊन प्राणवायू वाहते, कुणी पांढरी होऊन जंतूंशी लढते.

अक्यूट ल्युकेमियात काही पेशी चौथीतच अडकतात. पुढे सरकत नाहीत, शाळाही सोडत नाहीत, आणि आपल्यासारख्याच आणखी पेशी तयार करत राहतात. थोड्याच दिवसांत सगळे बाक त्यांनीच भरतात. मग तांबड्या पेशींना जागा उरत नाही म्हणून धाप लागते, प्लेटलेट्सना जागा उरत नाही म्हणून हिरड्यांतून रक्त येतं, आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नसल्यामुळे साध्या तापाचंही गंभीर दुखणं होतं. ‘अक्यूट’ शब्दाचा अर्थ इथे वेगाशी आहे. हा आजार आठवड्यांच्या हिशेबात वाढतो. लिम्फोमा हा कर्करोग लसिका ग्रंथींमधल्या पेशींचा. त्यातला बर्किट लिम्फोमा तर एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतो.

इतका वेगवान आजार रुग्णाच्या शरीरात अभ्यासायचा म्हटलं तर वेळ मिळत नाही, आणि जिवंत माणसावर शंभर रसायनं लावून बघणं तर अशक्यच. म्हणून आजाराचा एक तुकडा शरीराबाहेर जगवायचा.

सेल लाइन म्हणजे विरजण

रुग्णाच्या रक्तातून किंवा मॅरोतून घेतलेल्या कर्करोगाच्या पेशी बाटलीत ठेवल्या तर त्या बहुतेक वेळा काही दिवसांत मरतात. शरीराबाहेर त्यांना करमत नाही म्हणा ना. क्वचित एखाद्या नमुन्यातल्या पेशी मात्र तग धरतात, वाढतात आणि वाढतच राहतात. बाटली भरली की त्यातला थोडा भाग नव्या बाटलीत घालायचा. तीही भरते. हे कितीही वर्षं चालू शकतं. अशा न संपणाऱ्या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात.

घरातलं विरजण आठवा. शेजारणीकडून चमचाभर दही आणलं, दुधाला लावलं, त्यातलं चमचाभर उद्यासाठी ठेवलं. शेजारीण गाव सोडून गेली तरी तिचं विरजण तुमच्या घरी नांदतं, तुमच्याकडून ते तिसऱ्या घरी जातं. सेल लाइन अशीच एका प्रयोगशाळेतून दुसरीत, एका देशातून दुसऱ्यात जाते. के-५६२ ही लाइन १९७० साली अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलमध्ये ५३ वर्षांच्या एका स्त्रीच्या फुप्फुसाभोवती साचलेल्या पाण्यातून निघाली. तिला क्रॉनिक, म्हणजे संथ वाढणारा, मायलॉइड ल्युकेमिया होता आणि तो शेवटच्या, भडकलेल्या टप्प्यात पोचला होता. आज जगात कुठेही के-५६२ची बाटली उघडली तरी आत त्याच एका बाईचा आजार वाढत असतो.

विरजणाची उपमा मी मुद्दाम घेतली, कारण तिचे तोटेही सेल लाइनला लागू पडतात. पण ते पुढे.

धुक्यात अडकलेलं विमान

ब्लड कॅन्सरच्या पेशी बाटलीत वाढवता येतात हे कळलं तेच थोडं अपघाताने. डेनिस बर्किट नावाचे शल्यचिकित्सक युगांडात, कंपाला इथे काम करत होते. लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींबद्दल त्यांनी १९५८ साली लिहिलं. लंडनमधल्या अँथनी एपस्टाइन यांना शंका होती की यामागे विषाणू असावा. कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. एपस्टाइन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली शोधत राहिले, हाती काही लागेना.

डिसेंबर १९६३मध्ये लंडनवर दाट धुकं होतं. विमान मँचेस्टरला वळवावं लागलं. नमुना हातात पडेपर्यंत त्याच्याभोवतीचं द्रव गढूळ झालं होतं. अशा वेळी कुणीही म्हणेल, जंतू पडले, टाकून द्या. एपस्टाइननी फेकण्याआधी एक थेंब काचेवर घेऊन पाहिला. त्यात जंतू नव्हते. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात मोकळ्या तरंगत होत्या. तोवर पेशी वाढवताना त्यांना बसायला पृष्ठभाग द्यायचा, अशी नेहमीची पद्धत होती. या पेशींना तरंगतच वाढू दिलं आणि त्या वाढल्या. त्यांच्यातच पुढच्या वर्षी एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांना तो विषाणू दिसला. एपस्टाइन-बार विषाणू तो हाच.

त्याच सुमारास नायजेरियात इबादान इथे रॉबर्ट पुल्वरटाफ्ट यांनी ११ वर्षांच्या एका मुलाच्या जबड्यातल्या गाठीपासून ‘राजी’ ही लाइन सुरू केली. साठ वर्षं उलटून गेली, राजी अजून वाढतेय.

बाटलीत दिसतं तरी काय?

तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची चपटी बाटली, तिला फ्लास्क म्हणतात. आत गुलाबीसर लाल पाणी. हे पेशींचं अन्न: साखर, क्षार, जीवनसत्त्वं, आणि बहुतेकदा दहा टक्के गाईच्या गर्भातल्या वासराचं सीरम. फ्लास्क ३७ अंशांच्या कपाटात ठेवतात, म्हणजे अंगाच्या उबेला. पेशी खाऊन-पिऊन वाढल्या की त्यांच्या टाकाऊ आम्लामुळे गुलाबी पाणी नारिंगी आणि मग पिवळं होतं. सकाळी कपाट उघडलं की रंगावरूनच कळतं कोण भुकेलं आहे.

मायक्रोस्कोपखाली ल्युकेमियाच्या पेशी साबुदाण्याच्या दाण्यांसारख्या दिसतात. गोल, चकचकीत, तरंगणाऱ्या. चौकोन आखलेल्या काचेवर थेंबभर घेऊन त्या मोजायच्या. आधी निळा रंग मिसळायचा. जिवंत पेशी रंग आत येऊ देत नाही, मेलेली निळी पडते. एखादं औषध तपासायचं तर आप्पेपात्रासारखी, पण ९६ बारीक खळग्यांची थाळी घ्यायची. प्रत्येक खळग्यात मोजून काही हजार पेशी, त्यावर औषधाची चढती मात्रा, आणि दोन-तीन दिवसांनी कुठल्या खळग्यात किती जिवंत राहिल्या ते मोजायचं.

‘पेशी नष्ट करण्यात यश’ हे बहुतेक वेळा या थाळीतलं यश असतं.

सोमवारी सकाळी मी एकदा कपाट उघडलं तर माझे सहाही फ्लास्क गढूळ पिवळे. शुक्रवारी माझ्या हातून कुठेतरी हवेतला जंतू आत गेला होता. असे फ्लास्क नुसते फेकत नाहीत. आधी त्यांत ब्लीच ओततात. थोड्या वेळाने आत जंतू जिवंत राहत नाहीत आणि ल्युकेमियाही राहत नाही. तीन महिन्यांचं काम त्या दिवशी बेसिनमध्ये ओतताना रडू आलं होतं, पण एक गोष्ट मनावर कायमची कोरली गेली: बाटलीतली कर्करोगाची पेशी मारणं कठीण नाही. ती मरावी आणि शेजारची निरोगी पेशी जगावी, हे कठीण.

मग या बाटल्यांचा उपयोग होतो का?

होतो, आणि त्यातली मला सगळ्यात जवळची गोष्ट एचएल-६० या लाइनची आहे.

अक्यूट ल्युकेमिया असलेल्या ३६ वर्षांच्या एका स्त्रीच्या रक्तातून ही लाइन निघाली. अमेरिकेतल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने ती १९७७ साली जाहीर केली. या पेशी अडकलेल्या, कच्च्या. १९८० साली त्याच संस्थेतल्या थिओडोर ब्राइटमन आणि सहकाऱ्यांनी त्यांना रेटिनॉइक ॲसिड दिलं. जीवनसत्त्व ‘अ’चं हे भावंड. सहा दिवसांत सुमारे ९० टक्के पेशी मोठ्या झाल्या. मेल्या नाहीत, मोठ्या झाल्या. चौथीत अडकलेली पोरं धडाधड पुढच्या इयत्तांत गेली. आणि पिकलेली पांढरी पेशी काही अमर नसते. ती आपलं काम करते आणि थोड्या दिवसांत आपोआप संपते.

तोवर ल्युकेमियावर इलाज म्हणजे मुख्यतः विषाने मारणं. पेशीला वळण लावता येतं ही कल्पना अजून नवी होती. १९८५ साली शांघायमध्ये वांग झेनयी यांनी रेटिनॉइक ॲसिडचा एक प्रकार पाच वर्षांच्या एका मुलीला दिला. तिला अक्यूट प्रोमायलोसिटिक ल्युकेमिया होता. या प्रकारात रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांत दगावत. मुलगी बरी झाली. १९८८ साली त्यांनी २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सगळ्यांत आजार ओसरला, एकालाच सोबत थोडी केमो द्यावी लागली.

पुढचा अध्याय सोमलाचा. होय, जुन्या वैद्यांच्या तोंडी असलेला सोमल, आर्सेनिक. चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांनी याच ल्युकेमियावर तो शिरेतून देऊन पाहिला होता. तो काम कसा करतो ते १९९०च्या दशकात उलगडलं, ते एनबी-४ या लाइनमुळे. पॅरिसमध्ये २३ वर्षांच्या एका तरुणीचा आजार दुसऱ्यांदा उलटला होता. १९८९ साली तिच्या मॅरोतून ही लाइन निघाली आणि त्यात या आजाराचं ओळखचिन्ह, म्हणजे १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल, जशीच्या तशी होती. आज या प्रकारच्या बहुसंख्य रुग्णांना रेटिनॉइक ॲसिड आणि सोमल ही जोडी देतात, पुष्कळांना नेहमीची केमो द्यावीही लागत नाही, आणि दहांपैकी नऊहून अधिक जण बरे होतात. ब्लड कॅन्सरमधला सर्वांत धास्तीचा प्रकार सर्वांत जास्त बऱ्या होणाऱ्यांत आला.

आता यातली एक गाठ सोडवून दाखवते, कारण सेल लाइनचं बळ आणि तिची उणीव दोन्ही तिच्यात आहेत. एचएल-६० ज्या आजाराची म्हणून जाहीर झाली होती, त्या आजाराची ती नव्हतीच! तिलाही आधी प्रोमायलोसिटिकच समजलं होतं. पुढे तपासल्यावर १५-१७ची अदलाबदल तिच्यात सापडली नाही, तिचं वर्गीकरण बदलावं लागलं. बाटलीत एचएल-६० रेटिनॉइक ॲसिडने पिकते. पण तिच्या मूळ प्रकारच्या ल्युकेमियाचे रुग्ण त्याच औषधाने बरे होत नाहीत. बाटलीने दिशा दाखवली, ती योग्यही निघाली. पण औषध कुणाला लागू पडेल, ते रुग्णांवरच्या चाचण्यांनीच ठरलं.

बाटलीत मरतो, मग माणसात का नाही?

पहिलं कारण निवडीचं. शरीराबाहेर जगू शकल्या त्या पेशी मुळातच दांडग्या. जास्त करून आजार उलटलेल्या, उपचारांना न जुमानणाऱ्या रुग्णांच्या. संथ ल्युकेमियांच्या चांगल्या लाइन्स म्हणूनच दुर्मीळ आहेत. बाटलीत दिसतो तो सगळ्या रुग्णांचा आजार नसतो.

दुसरं, बाटलीत शेजारपाजार नसतो. मॅरोमध्ये ल्युकेमियाची पेशी इतर पेशींच्या आडोशाला बसते, त्या तिला पोसतात आणि औषधापासून लपवतातही. बाटलीत औषध थेट अंगावर येतं. यकृत नाही, मूत्रपिंड नाही, औषध फोडून बाहेर टाकणारं कुणी नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते के-५६२ने चांगलं शिकवलं. या पेशींत दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची जोड होऊन एक बिघडलेलं प्रथिन तयार होतं. ते ‘वाढत राहा’ असा हुकूम सोडतच राहतं. ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवलं की हे प्रथिन अडवणाऱ्या रसायनाने अशा पेशींची वाढ थांबते आणि निरोगी पेशींना विशेष धक्का लागत नाही. तेच इमॅटिनिब. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ग्लिव्हेक नावाने त्याच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात गाजला होता आणि २०१३ साली निकाल लागला, तेही पुष्कळांना आठवत असेल. आजार संथ टप्प्यात असताना या गोळीने माणसं वर्षानुवर्षं जगताहेत. पण के-५६२ ज्या भडकलेल्या टप्प्यातून आली, त्याच टप्प्यातल्या रुग्णांत आजार आधी ओसरला आणि काही महिन्यांत परतला. शरीरात अब्जावधी पेशी असतात, सगळ्या सारख्या नसतात. त्यांतल्या मोजक्या पेशींत औषधाची किल्ली ज्या कुलपात फिरते तेच थोडं बदललेलं असतं. बाकीच्या मेल्या की त्यांना रान मोकळं मिळतं.

किल्ली या कुलपात फिरते का, याचं उत्तर बाटली चोख देते. घरात कुलपं किती आणि कोणती, ते तिला ठाऊक नसतं.

“हळदीनेही पेशी मरतात, मग?”

काकूंचा पुढचा प्रश्न हाच होता, आणि तो रागाने उडवून लावण्यासारखा नाही. हळदीतलं कर्क्युमिन बाटलीतल्या ल्युकेमियाच्या पेशी खरंच मारतं. पण त्यासाठी थाळीत जेवढं घालावं लागतं, तेवढं रक्तात पोचत नाही. आतडं ते फारसं शोषत नाही, यकृत लगेच रूप पालटतं. रोज कित्येक ग्रॅम घेऊनही रक्तात थोडा अंशच उतरतो. खळग्यातली मात्रा आणि नसेतली मात्रा, या दोन आकड्यांची तुलना अशा बातम्यांत सहसा नसते.

म्हणून वनस्पतीतून औषध मिळतच नाही असं नाही. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेलं व्हिनक्रिस्टिन १९६०च्या दशकापासून मुलांच्या ल्युकेमियावर वापरतात आणि ते आजही लागतं. पण कुंडीतल्या पानांचा काढा आणि शिरेत दिलेलं एक-दोन मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य यांत फार अंतर आहे. मात्रा थोडी चुकली तर व्हिनक्रिस्टिन नसा बधिर करतं, जास्त चुकली तर जीव घेतं. केमो चालू असताना कुठलाही काढा डॉक्टरांना न सांगता देऊ नका, एवढं मी काकूंना हात धरून सांगितलं.

विरजण बदललं तर?

घरातलं विरजण वर्षानुवर्षं चाललं की चव पालटते. सेल लाइनही बाटलीमागून बाटली बदलत जाते. एका शहरातली एचएल-६० आणि दुसऱ्या शहरातली एचएल-६० वीस वर्षांनी हुबेहूब सारख्या राहत नाहीत. यावर उपाय म्हणजे सुरुवातीच्या पेशी द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांना गोठवून ठेवायच्या आणि काही महिन्यांनी जुनी बाटली टाकून ताजी काढायची.

त्याहून वाईट म्हणजे डब्यांची अदलाबदल. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून निघालेली हेला ही लाइन इतकी जोमदार की तिचा एक थेंब चुकून दुसऱ्या बाटलीत पडला तर काही आठवड्यांत तिथे फक्त हेला उरते. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेल्या १८ लाइन्स प्रत्यक्षात हेलाच होत्या. ब्लड कॅन्सरचं क्षेत्रही यातून सुटलं नाही. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या पेशीसंग्रहात हान्स ड्रेक्सलर यांच्या गटाने ल्युकेमिया-लिम्फोमाच्या लाइन्स तपासल्या, तर सुमारे १५ टक्क्यांवरचं नाव एक आणि आत भलतंच. लोकांनी वर्षानुवर्षं भलत्याच आजारावर प्रयोग केले, हे वाचून मला आजही चुटपुट लागते. आता कोर्टात पितृत्व ठरवायला जी डीएनए चाचणी करतात, तिच्याच जातीच्या चाचणीने लाइनची ओळख पटवतात, आणि चांगली नियतकालिकं तो दाखला मागतात.

आपल्याकडे

या कामाचा एक धागा मराठी घरातून गेलाय. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या. हेला जिथे वाढली तीच ही प्रयोगशाळा. परतल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊती-संवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची, प्रयोगशाळा उभी केली. त्यांच्या कामात ल्युकेमियाही होता. आज पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र देशभरच्या प्रयोगशाळांना सेल लाइन्स पुरवतं.

आणि ताजी गोष्ट कार-टी उपचाराची. रुग्णाच्याच लढाऊ टी-पेशी काढायच्या, कर्करोग ओळखायची खूण त्यांना शिकवायची आणि परत सोडायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या अशा पहिल्या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये मान्यता मिळाली. जगभर अशा टी-पेशींची पारख बाटलीतच सुरू होते. एका खळग्यात खूण असलेल्या नाल्म-६ (ही ल्युकेमियाची आणखी एक लाइन) किंवा राजीच्या पेशी, दुसऱ्यात खूण नसलेली के-५६२. पुष्कळदा लक्ष्यपेशींत काजव्याचं चमकणारं द्रव्य बनवणारं जनुक घातलेलं असतं. टी-पेशी सोडल्या की पहिल्या खळग्यातला उजेड विझत जातो आणि दुसऱ्यातला तेवत राहायला हवा. दुसराही विझला तर औषध आपपर ओळखत नाही, तिथेच थांबायचं.

“मग त्याच्याच पेशींवर का नाही बघत?”

काकूंचा हा प्रश्न सगळ्यात शहाणा होता, आणि जगात त्यावर काम चाललंय. अमेरिकेतल्या ‘बीट एएमएल’ (एएमएल म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया) अभ्यासात ५६२ रुग्णांच्या ६७२ ताज्या नमुन्यांचा मागोवा घेतला. पुष्कळ नमुन्यांवर ओळीने औषधं लावून पाहिली आणि २०१८ साली ते प्रसिद्ध झालं. हेलसिंकी आणि व्हिएन्नामध्येही डॉक्टर असे निकाल उपचार ठरवताना वापरून बघताहेत. अडचण एवढीच की ताज्या पेशी काहीच दिवस जगतात, चाचणी त्याआधी उरकावी लागते, आणि हे अजून रोजच्या उपचारांचा भाग झालेलं नाही.

बोलता बोलता काकूंनी फाइल आणली. रिपोर्टवर एका ओळीत ‘फ्लिट-३ पॉझिटिव्ह’ होतं. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातल्या रुग्णांत या जनुकात बिघाड असतो. त्याच्या केमोसोबत मिडोस्टॉरिनच्या कॅप्सूल चालू आहेत, त्या याच बिघाडासाठी. या गटातल्या औषधांची पारख करताना एमव्ही४-११ आणि मोल्म-१३ या दोन लाइन्स पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. पहिली आली १० वर्षांच्या एका मुलाच्या रक्तातून, दुसरी २० वर्षांच्या एका तरुणाच्या. मी हे सांगितल्यावर काकू बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्या दहा वर्षांच्या पोराच्या आईला कुणी विचारलं असेल का गं?”

त्या काळात हेन्रिएटा लॅक्स यांना कुणी विचारलं नव्हतं. इबादानच्या त्या मुलाच्या घरच्यांच्या हातात आजच्यासारखा कागद कुणी दिला असेल असं मला वाटत नाही. आता विचारावं लागतं. काकूंच्या फाइलमध्ये तो कागद होता, मराठीत छापलेला: उरलेला नमुना संशोधनासाठी वापरायला परवानगी. खाली मुलाची सही, त्याखाली त्यांची.

“मग त्याच्या पेशी जगतील का बाटलीत?”

“बहुतेक नाही, काकू. दोन-चार दिवसच. पण तेवढ्यात त्यांच्यावर काही तपासता आलं तर तपासतील.”

“बरं,” म्हणाल्या, आणि कागद नीट घडी करून परत फाइलमध्ये ठेवला. दुपारी प्लेटलेट्स द्यायला मुलाचा मित्र हॉस्पिटलला यायचा होता, त्याला आठवण करायचा फोन लावायचा राहिला होता.